राणीची खोली आणि चेरीच्या बिया

येदलोव्ह किल्ला,
सोमवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप बोहूशदादास,

धाकट्या ब्लाझेनाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. खरोखर खाली वाकले तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि सोमवारी किल्ला बंद असल्यामुळे इथे मी आणि मांजर एवढेच असतो.) तुझी तब्येत कशी आहे? पोट काय म्हणतंय? लहानपणापासून तुझं पोट नाजूक, त्यात प्रवास म्हटला की विचारायलाच नको, म्हणून आधी तेच विचारते. हेर्मीनावहिनींची कंबर आता बरी असेल. मी ठीक आहे. यंदा इथे चेरी भरपूर आल्यात, पण चेरीचं नाव काढलं तर तुझं डोकं फिरेल, म्हणून ते राहू दे.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'माझी मुलगी संडासात लग्न करणार असेल, तर तिचा हात धरायला दुसरा बाप शोधा.' खाली सही. ना आशीर्वाद, ना खुशाली. पोस्टमनने ते वाचत वाचतच वर आणलं (एकशे बारा पायऱ्या आहेत, बिचाऱ्याला काहीतरी विरंगुळा हवाच), आणि संध्याकाळपर्यंत खालच्या बिअरच्या दुकानात तुझं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. तर दादा, शनिवारी तू यावंस असं मी म्हणणार नाही. तू मोठा, मी लहान. पण पेपरातल्या चार ओळी वाचून तू पोरीच्या लग्नाकडे पाठ फिरवणार असशील, तर झालं काय ते घरच्या माणसाकडून तरी ऐक.

ती खोली तुला माहीतच आहे. राजवाड्याची उत्तरेकडची भिंत तीन मीटर जाड. तिच्या पोटातून एक वाकडा बोळ जातो, बोळाच्या टोकाला जाड दार, दाराला आतून कडी, आणि दारापलीकडे दोन दगडी टेकूंवर भिंतीबाहेर काढलेली चिमुकली खोली. फटीएवढी खिडकी, दगडी बैठक, बैठकीला गोल भोक, आणि खाली थेट कडा. माझ्या आधीच्या किल्लेदारांच्या वहीत लिहिलंय की ही राणीची प्रार्थनेची खोली. राजाला शिकारीचा नाद. किल्ला हौसेने बांधला आणि राहिला मोजून अकरा रात्री. (हे मात्र जुन्या कागदांत आहे.) राणीला मागे ठेवून तो हरणांमागे, आणि ती इथे बैठकीवर कोपरं टेकून प्रार्थना करायची आणि भोकातून गोरगरिबांना पाव टाकायची. सत्तावीस वर्षं मी हे दिवसातून चारदा सांगतेय. पावापाशी आले की माझा आवाज आपोआप कापतो. बाया पदर नसला तरी रुमाल काढतातच. एवढ्या वर्षांत एकाही शहाण्याने विचारलं नाही की गरीब माणसं कड्याच्या अधांतरी उभी कशी राहायची!

आणि आलोइसने मला मागणी घातली तीसुद्धा तिथेच, हे तुला ठाऊक आहे. तो तेव्हा बुरुजाच्या छपराचं लाकूडकाम करत होता. मी बैठकीवर बसलेली, तो समोर गुडघ्यावर (प्रेमाने म्हणत होता, पण खरं म्हणजे दोघांना उभं राहायला तिथे जागाच नाही). तो गेल्यापासून रोज संध्याकाळी किल्ला बंद करताना मी दोन मिनिटं तिथे बसते. तुझ्या अपोलेनाला हे माहीत होतं, म्हणून तिने लग्नासाठी ती जागा निवडली (ती दोघं त्या दारात, पाहुणे बाहेर दरबारात). फॅशन म्हणून नाही.

आता राडोवान. तुझ्या या होणाऱ्या जावयाला तू पहिल्या दिवसापासून 'उकिरडे उकरणारा' म्हणतोस. चूक नाही तुझी, पोरगा पुरातत्त्ववाला, तेच करतो आणि जीव ओतून करतो. उत्तरेच्या भिंतीला तडे गेले म्हणून पायथ्याशी उकरायचं काम यंदा त्याच्याकडे आलं. गेल्या बुधवारी मी रेल्वेतून निवृत्त झालेल्या बायकांचा गट घेऊन दरबारात उभी. सगळ्यांच्या बुटांवर लोकरी सपाता. (आपल्याकडे किल्ल्याच्या लाकडी जमिनीला चरे पडू नयेत म्हणून सपाता घालायला लावतात, असं आपण सांगतो. खरं कारण असं की जमीन घासायला सरकार माणसं देत नाही, पाहुणे देतं.) मी नेमकी पावापर्यंत आलेली, आवाज कापायला लागलेला, आणि राडोवान हातात ताट घेऊन जिना चढून धापा टाकत आला. इतक्या घाईतही त्याने दारात थांबून सपाता चढवल्या. घराला आग लागली तरी आपली माणसं आधी सपाता घालतील. पण हाताला लागल्या त्या सेहेचाळीस नंबरच्या, आणि बंद न बांधता तो धावला. दादा, तो पोरगा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत गेला! बायका दोन्हीकडे पांगल्या, मी खांब धरला, आणि हा बोळाच्या तोंडाशी धपकन बसला. ताटातली एक बी सांडू दिली नाही. हाडं गेली तरी चालतील, बिया राहायला हव्यात.

"आत्या, चेरी!" तो बसल्याबसल्याच ओरडला. "सातशे वर्षांपूर्वीच्या चेरीच्या बिया! खसखस, रासबेरी, माशांचे काटे, ढीगच्या ढीग! सगळं या भोकातून खाली गेलंय!"

"पावाबरोबर?" एका बाईने विचारलं.

"नाही हो. पोटातून."

मग मागून काठी टेकत एक म्हातारी पुढे आली, बोळातून त्या बैठकीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "यात काय एवढं? माझ्या वयाच्या व्हा, मग कळेल. प्रार्थना तिथेच जास्त करावी लागते." सगळ्या बायका खो खो हसल्या. त्यांतल्याच एकीचा भाचा पेपरात आहे. पुढचं तू वाचलंसच.

मी नाही हसले. गट संपवला, तिकिटाच्या खिडकीमागे जाऊन बसले आणि हमसाहमशी रडले. सत्तावीस वर्षं मी चांगल्या घरच्या माणसांना संडासापुढे डोळे पुसायला लावले, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर 'हो' मी कशावर बसून म्हटला होता! राडोवान आत आला. तोपर्यंत त्याला लग्न आठवलं होतं, तूही आठवला होतास. तोंड चुन्यासारखं पांढरं. माझ्यासमोर बसून म्हणाला, "आत्या, एक बघा. दरबारात ऐंशी माणसं जेवायची आणि तिथेच आडवी व्हायची. राणीच्या दालनात दासी, दारात पहारेकरी, उशाशी कुत्री. अख्ख्या किल्ल्यात आतून कडी असलेली एकमेव एकट्याची खोली ही. राणीला रडायचं असेल, देवाशी बोलायचं असेल, तर ती दुसरीकडे जाणार कुठे?" दादा, मी इतिहासाची ढीगभर व्याख्यानं ऐकली, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. आलोइसनेही तीच खोली का निवडली ते मला तेव्हा कळलं. तिथे तेव्हाचा किल्लेदार बघू शकत नव्हता.

अपोलेनाला सांगितलं तर ती आधी जमिनीवर बसून हसली. तिला म्हटलं, बाई, जागा बदल, नगराध्यक्षांना सांगून चॅपेल मिळवते. तर म्हणाली, "आत्या, दहा दिवस गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. ज्याला दहा दिवस खोटं जमलं नाही, त्याला जन्मभर काय जमणार? लग्न तिथेच." पण रात्री जेवताना तिने ताट तसंच ठेवलं. तुझ्या कार्डातलं तिला कळलंय. मी लपवलं होतं, पण पोस्टमनने तिलाही म्हणून दाखवलं.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, कुत्र्याच्या पाठीवर एक थाप.

तुझी धाकटी बहीण,
ब्लाझेना

ता.क. सोबतच्या डब्यात लग्नाच्या छोट्या गोड पावांची खसखशीची ओळ तुझी, दह्याच्या चक्क्याची वहिनींची. लग्नाआधी हे पाव वाटायची रीत आहे म्हणून पाठवले. ये असं सुचवत नाही.

ता.क. २. सेहेचाळीस नंबरच्या सपाता बाजूला काढून बंद शिवून ठेवल्यात. तुझाच नंबर आहे तो. निव्वळ योगायोग.

ता.क. ३. मेजवानीत वधूकडच्यांपैकी कुणीतरी एखादी जुनी गंमत सांगायची असते, आणि ते काम माझ्याकडे आलंय. मला एकच आठवते. चौथीतली तुझी शाळेची सहल, मी दुसरीत, येदलोव्ह किल्ला, आणि तू सकाळी खाल्लेले आलुबुखारे. मास्तर बुरुजावर गेले, तू त्या खोलीत पळालास, आणि मी बोळात तुझी टोपी धरून पहारा दिला. सातशे वर्षांनी त्या जागेचा खरा उपयोग ओळखणारा पहिला संशोधक तू, राडोवान दुसरा. बाहेर आल्यावर तू काय म्हणालास ते मला अजून आठवतं. "ब्लाझेना, आत किती शांत वाटतं गं." साठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तू पहिल्या रांगेत बसलेला दिसलास तर मी सगळं विसरेन, वयच झालंय माझं.

ता.क. ४. लग्न अकराला. अपोलेनाने काल विचारलं, मला त्या दारापर्यंत कोण नेणार? मी म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या बाबांना वाट माहीत आहे.