देवाला दिलेला रिक्लायनर

२ नोव्हेंबर, रविवार
आज चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश थेट काळजात शिरला. आधी विश्वास, मग वस्तू. तिथेच उभा राहून जाहीर केलं, येत्या रविवारी हंगामाच्या सणाला माझा नवा रिक्लायनर, पाय वर करून पडायची आरामखुर्ची, अर्पण. लोक भोपळे, कोंबड्या, केळीचा घड आणतात. अख्ख्या देवपुरात असा त्याग कोणी केला नसेल.

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. उपासनेनंतर अर्पणांचा लिलाव होतोच. बायको दिपमाला बायकांच्या रांगेतून बोली लावेल आणि खुर्ची घरी येईल. देवाला पैसे, माझ्या पाठीला आराम. तिला नीट समजावलं.

९ नोव्हेंबर, रविवार
हंगामाचा सण. उपासनेनंतर बोली सुरू झाली. दिपमाला गप्प. मी खोकलो. पुन्हा खोकलो. तिने डोळे मिटून घेतले. बायकांनी वर्गणी काढून खुर्ची घेतली आणि चर्च झाडणाऱ्या इंदिराबाईंना दिली. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. माझ्या पाठीचं कोणी विचारलं नाही. दिपमाला म्हणते, देवाला दिलेलं परत मागायची लाज वाटली. फारच भोळी आहे.

११ नोव्हेंबर
विधवांची विचारपूस हे आपलं कर्तव्यच. इंदिराबाईंकडे रोज प्रार्थनेला जायचं ठरवलं. आज गेलो. रिक्लायनरमध्ये पाय वर करून प्रार्थना केली. त्या चटईवर बसल्या. मध्येच माझा डोळा लागला.

१७ नोव्हेंबर
त्यांची खोली लहान, खुर्ची अवाढव्य. म्हातारीची अडचण मला बघवेना. प्लॅस्टिकची कोरी खुर्ची नेऊन दिली, रिक्लायनर टेम्पोने घरी आणला. बाई हसून "लई जा" म्हणाल्या, म्हणजे घेऊन जा. दिपमाला बोलत नाही. मत्सर, दुसरं काय.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी कंबर धरली. उपासना चुकली. आजच मॅच असणं हा योगायोग.

दुपारी
इंदिराबाई चर्चमध्ये साक्षीला, म्हणजे सगळ्यांसमोर अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या म्हणे. "भूपेंद्रभाऊ रोज प्रार्थनाले येत. खुर्ची लई गयात, मंग उनातच नहीत. आजारी पडनात का काय?" मी नंतर फिरकलो नाही याची त्यांना काळजी. झालं. सगळी मंडळी घरी हजर. दिपमालाने दार सताड उघडलं. मी पाय वर करून आडवा, समोर मॅच. घाईत पाय खाली करायचं बटण सापडेना.

पाळकसाहेब खुर्चीकडे बघत राहिले. इंदिराबाई लंगडत आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. देवाला म्हणाल्या, खुर्ची भाऊकडेच राहू दे, माझे नुसते गुडघे आहेत, भाऊचं दुखणं मोठं आहे.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही.