एक नर्स, चोवीस खाटा

२ सप्टेंबर

खेळणी म्हणे! विभागप्रमुख — आमच्या मोठ्या मॅडम — सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नर्सिंग शिकवतेस की पाळणाघर चालवतेस?" स्टाफरूम खो-खो हसली. हसू देत. उद्या मी बनवलेला खेळाचा पट वर्गात नेणारच.

३ सप्टेंबर

नेला! पुठ्ठ्यावर आखलेला वॉर्ड, चोवीस खाटा, प्रत्येक खाटेवर पेशंटची सोंगटी. फासा पडला की कुणाचा ताप चढतो, कुणाला धाप लागते. नर्सची सोंगटी मात्र एकच. आधी कुणाकडे धावायचं ते मुलींनी ठरवायचं. एरवी मागच्या बाकावर डुलक्या काढणारी ती लांब वेणीवाली चक्क ओरडली, "अगं सलाईन राहू दे, सात नंबर निळा पडतोय!"

माझ्या कुठल्या लेक्चरला हे झालं असतं?

५ सप्टेंबर

सासूबाईंना बसवलं खेळायला. बिनधास्त फासा उलटा केला! वर मलाच, "माणूस मरतंय आणि तू नियम कसले सांगतेस?"

९ सप्टेंबर

आजही मुली सगळे डाव हरल्या. वेणीवाली चिडली — "टीचर, कसंही खेळा, कुणीतरी मरतंच. तुमचा खेळच चुकलाय!"

खेळ नाही गं चुकला. हा आपल्याच हॉस्पिटलचा वॉर्ड आहे. रात्रपाळीला चोवीस खाटा, नर्स एक. सांगून टाकलं. वर्गात एकदम गलका!

११ सप्टेंबर

मुलींनी पट थेट अधीक्षकांच्या दाराबाहेर मांडला. येणारा-जाणारा थांबून बघतोय. मोठ्या मॅडमही बराच वेळ उभ्या होत्या, हाताची घडी घालून. चेष्टेला नवा मसाला मिळाला असेल.

संध्याकाळी अधीक्षकांचा निरोप — उद्या येऊन माफी मागा, नाहीतर खेळही बंद आणि वर्गही.

नवरा म्हणतो, "माग ना, तोंडदेखली." नाही मागणार. तोंडदेखलीसुद्धा नाही!

१२ सप्टेंबर

मी पोचले तर मोठ्या मॅडम आधीच आत. टेबलावर पट मांडलेला. फासा अधीक्षकांपुढे सरकवत म्हणत होत्या, "खेळा सर. एकही पेशंट न गमावता रात्र काढून दाखवा, मग ही माफी मागेल."

सर फाशाला हात लावेनात. शेवटी म्हणाले, "किती नर्स हव्यात?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सांग गं."