कृतिकाला खोकला नव्हताच

संदेश,

कृतिकाचे कपडे न्यायला आलेले. तू झोपला होतास, उठवलं नाही. उठवलं असतं तर भांडण झालं असतं, आणि खाली रिक्षा थांबलेली.

तिला अजून आयसीयूतच ठेवलंय. पोटदुखी, उलट्या, अंगावरचे चट्टे, लालभडक डोळे, हे सगळं कोरोनामुळेच निघालं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "महिन्याभरापूर्वी घरात कोणी आजारी होतं का? लहान मुलांना खोकला येतोच असं नाही."

मी तुझं नाव सांगितलं. मानपाड्याच्या हळदीवरून आलास तेव्हा तुला ताप होता, आमटीचा वास येत नव्हता. "नाचून दमलोय, टेस्टबिस्ट काय नको" म्हणालास आणि रोज तिला कुशीत घेऊन झोपलास. महिन्याभराने तिचं पोट दुखायला लागलं, तर आई मला बोलत राहिल्या की हिनेच पोरीला पाणीपुरी खायला घातली. तू समोर बसून ऐकत होतास. एक शब्द बोलला नाहीस.

तिच्या हृदयाला सूज आलेली. इंजेक्शनं सुरू केल्यावर आज ताप उतरला, थोडी पेज प्यायली. धोका टळला म्हणतात.

कुकरमध्ये भात आहे. आईंना खरं काय ते तूच सांग.

काल कृतिका विचारत होती, "माझ्यामुळे बाबा आजारी पडतील म्हणून ते येत नाहीत ना?" दुपारी फोन तिच्याकडे देईन. उत्तर तू दे.

विनिता