उमरठच्या बंगल्यातली माझी खोली

२ फेब्रुवारी
वाळूचा ट्रक आला. निम्मी वाळू, निम्मी माती. परत पाठवला. ड्रायव्हर म्हणतो, "मालक कुठायत?" मालक ठाण्यात – माझा धाकटा भाऊ राजेश. उमरठला वडिलांच्या जमिनीवर त्याचं फार्महाऊस उठतंय आणि मी, रिटायर्ड क्लार्क, महाडहून रोज एसटीने जाऊन सिमेंटच्या गोण्या मोजते. फुकट! "ताई, घर तुझंच आहे," म्हणतो. पूर्वेची खोली माझी; नकाशावर तसं लिहिलंय. महाडची भाड्याची जागा मेअखेर सोडायचीय, तेव्हा सगळी भिस्त त्या खोलीवर.

११ फेब्रुवारी
राजेशला पश्चिमेला अख्खी भिंत काचेची हवी. सनसेट दिसायला. भागोजी गवंडी थापी ठेवून म्हणाला, "लावा काच. पन पावसात हॉलात भात लावायची तयारी ठेवा, ताई." फोनवर तसंच सांगितलं. राजेश हसला. काच येणार.

३ मार्च
माझी खोली गेली. तिथे स्विमिंग पूलचा पंप बसणार. नवा नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर आला, खाली जोडलेले हात. "गेस्ट रूम आहेच की गं, कधीही ये."
फार वाईट वाटलं. तरी स्लॅबवर पाणी मारून घेतलं. नाहीतर तडे जातात.

४ मार्च
सिमेंट ४० गोण्या. लिहावंसं वाटत नाही.

१९ मार्च
साहेबांचे पैसे संपले. आता बँकेचं कर्ज काढणार, म्हणून मला तलाठ्याकडे सातबारा आणायला पिटाळलं. तलाठी म्हणाले, "अनुपमाताई, यात तुमचंही नाव आहे."
असं कसं? वडील गेल्यावर मी हक्कसोड लिहून दिली होती. आमच्याकडे सगळ्याच बहिणी देतात – एक साडी घ्यायची, सही करायची, माहेर टिकवायचं. तर म्हणे कागदाची नोंदणीच झालेली नाही. तेव्हा राजेश म्हणाला होता, "स्टँपपेपर पुरे, घरातल्या घरात कशाला खर्च?"
बचत केली बिचाऱ्याने. आम्ही दोघंच भावंडं. म्हणजे अर्धं माझं.

२१ मार्च
राजेश स्वतः आला. टाइप केलेला नवा कागद आणि मोरपंखी साडी. साडी ठेवून घेतली. कागद तसाच परत दिला.

२२ मार्च
भागोजीला सांगितलं, पंप मागे अंगणात ने, पूर्वेच्या खोलीला मोठी खिडकी काढ.
"मालकांना इचारलंत काय?"
"अर्ध्या मालकाला विचारलं. हो म्हणाली."