टोबायसला न दिलेली गोळी

लेलंड,

तुम्हा डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की रक्तदाबाची ती अमुक गोळी एकटीच दिली, तर कृष्णवर्णीय रुग्णाला कमी लागू पडते. म्हणून त्याला आधी दुसरी द्यावी. विधान खरेही असेल. पण ते तिथे संपत नाही. टोबायससारखा मधुमेह असेल आणि लघवीतून प्रथिने जाऊन फेस येत असेल, तर मूत्रपिंडे वाचवायला तीच गोळी हवी, कातडी कोणतीही असो. अर्धे वाक्य वाचून उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नापास करते. तुझ्या हाती मी माझा भाऊ दिला.

टोबायसला डायलिसिसला घेऊन जात आहे. आजपासून तो इथेच राहील. तुझे कपडे तुझ्या आईकडे पोचवले आहेत. कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव फ्रिजमध्ये आहे. मूत्रपिंडे गेल्यापासून त्याला ती भाजी चालत नाही, तेव्हा जाण्याआधी तूच संपव.

रविवारी चर्चहून आलो की जेवणाच्या टेबलावरच तू त्याला तपासायचास. "दाजी, लघवीला फेस येतो हो," असे तो म्हणाला, तेव्हा तू हसलास: "बिअर कमी कर, मेहुण्या!" डॉक्टर गोरा असता, तर आम्ही आणखी चार ठिकाणी विचारले असते. तू आपला होतास, म्हणून कुठेच विचारले नाही.

काल तू जे बोललास, ते एक अक्षरही न बदलता इथे ठेवते:

"त्याचा लघवीचा रिपोर्ट मी उघडलाच नाही, अडेला. तो काळा आहे एवढंच पाहिलं आणि दुसरी गोळी लिहून दिली."