वीसचा पिस्टन, चाळीसचं बोअर

१७ जानेवारी १९७२, सोमवार
विहिरीवरचं इंजिन बंद पडलं एकदाचं! आठ दिवस काळा धूर ओकत होतं. कांदा नुकता लावलाय, पाण्यावाचून पात पिवळी पडायला लागली. इंजिन दोघा भावांत एक — एक आठवडा आमचा, एक मोठ्या भावजींचा. आणि बांधावरून भांडल्यापासून दोघं एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. मग दुरुस्तीचं ठरवायचं कुणी? मी नि जाऊबाई. धुण्याच्या दगडावर!

१९ जानेवारी
ठरलं. भावजी सिलिंडर नगरला नेऊन आतून घासून मोठा करून आणणार, आमचे हे पिस्टन आणणार. म्हटलं, "किती मोठा करणार, विचारा की त्यांना." तर म्हणे, "मी? त्याला? माझं काय अडलंय! पहिल्यांदाच घासतोय, इंचाच्या हजार भागांतलं वीस भाग वाढंल, वीसचाच पिस्टन लागंल. मला कळत न्हाई व्हय?"
कळतं हो, लई कळतं.

२४ जानेवारी
घ्या! भावजींनी सिलिंडर घासून चाळीसचं बोअर करून आणलं, यांचा पिस्टन वीसचा. आत सोडला तर खुळखुळतोय. इंजिन जोडायला आलेल्या राधाकृष्ण मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आधी पिस्टन आणायचा, मग त्याच्या मापानं सिलिंडर घासायचा! कुनी सांगितलं हुतं शानपन?"
दोघं मिस्त्रींच्या दोन बाजूंना उभे.
"मिस्त्री, त्याला इचारा, चाळीस कुनाला पुसून केलं?"
"मिस्त्री, त्याला सांगा, आत चरे हुते. वीसमदी निघाले न्हाईत."
मिस्त्री भडकले. "मी काय तुमचा पोस्टमन हाय का?"
जाऊबाई नि मी तोंडात पदर कोंबून हसलो. घरी आल्यावर मात्र रडू आलं. कांदा जळाला तर वर्षभर खायचं काय? यांचा मान?

२७ जानेवारी
चाळीसचा पिस्टन नगरात मिळेना. दोघं पुण्याला गेले. एकाच एसटीत — एक पुढं, एक पार मागं. आले तेही तसेच, मुके! पिस्टन मात्र मापात बसला.

३० जानेवारी
हँडल मारलं नि इंजिन लागलं! आवाज कसा ठणठणीत! पाटाला पाणी बघून आम्ही दोघी नाचायच्याच बाकी होतो.
तासाभरात विहीर आटली. झरेच गेलेत. तळाचा खडक उघडा पडला.

३१ जानेवारी
सकाळी हे पहार घेऊन तळ खणायला गुपचूप विहिरीत उतरले. भावजी दोर नि टोपलं घेऊन काठावर येऊन उभे राहिले. खालून यांचा आवाज आला — "दादा, दोर सोड."