न सापडलेल्या स्क्रूची माफी

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आज उभ्यानंच घालतो आहे, गोड मानून घ्यावा.)

तुमचे गुडघे कसे आहेत? ताईकडे जाऊन तुम्हा दोघांना बरेच दिवस झाले, मामींना घराची आठवण येत असेल. पण घाई करू नका, लेकीकडचं सुख रोज मिळत नाही. घर सांभाळायला मी आहेच.

तर बातमी अशी, की तुमच्या भाच्यानं मैदान मारलं! 'याच्या जिभेला हाड नाही, हा कसली नोकरी करणार' असं तुम्ही आईला म्हणाला होतात ना? त्याच जिभेनं काल बिस्किटांची अख्खी कंपनी वाचवली.

माझं काम तुम्हाला अजून कळलेलं नाही, म्हणून सांगतो. कंपनीवर बालंट आलं की लोकांशी काय बोलायचं, आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे आमचं खातं ठरवतं. आमच्या बाईंचा (म्हणजे खात्याच्या प्रमुखांचा) पहिला नियम असा, की कुणी न विचारलेल्या गोष्टीचा इन्कार करायचा नाही. 'आमच्याकडे उंदीर नाहीत' असं छापलं, की गिऱ्हाईक बिस्किटाला शेपूट शोधू लागतं. संकट नसेल तेव्हा आम्ही संकटाची तालीम करतो. परवाच्या तालमीत मी माफीपत्र लिहिलं, 'बिस्किटात सापडलेल्या स्क्रूबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. असं पुन्हा होणार नाही.' बाईंनी ते वाचून चक्क मान डोलावली. (त्या सहसा डोलावत नाहीत.) त्या आनंदात मी ते फाइलला लावायचं सोडून सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवून दिलं.

काल सकाळी माझ्या तोंडात ब्रश, नळाला टिपूस नाही, आणि बाईंचा फोन. 'पेपर बघितलास?' बघितला, आणि होतो तसा पळालो. ऑफिसात मोठे मालक स्वतः येऊन बसले होते. एकाही माणसाची तक्रार नसताना आम्ही पहिल्या पानावर माफी मागितली होती! दुकानदार माल परत पाठवायला निघाले होते. मालकांनी मला बसायला सांगितलं नाही, आणि माझी खुर्चीही जागेवर दिसेना. नोकरी गेल्यातच जमा होती.

पण नशीब बघा. कारखान्याचे व्यवस्थापक (त्यांना आम्ही 'सगळं उत्तम' म्हणतो, कारण दुसरं काही ते बोलतच नाहीत) पेपर वाचून हादरले. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, या रागानं त्यांनी यंत्र बंद करून उघडलं, तर चाळणीचा एक स्क्रू खरोखरच जागेवर नव्हता! तो मळलेल्या पिठात मिळाला, भट्टीत जायच्या जरा आधी.

मग मात्र मी सुटलो. तो स्क्रू चिमटीत धरून वार्ताहरांना म्हणालो, 'बाकीचे गिऱ्हाइकाचा दात पडल्यावर माफी मागतात. आम्ही आधी मागतो!' टाळ्या, मामा, टाळ्या! दुकानदारांनी दुप्पट माल मागवला. मालकांनी सर्वांदेखत पाठ थोपटून मला उपप्रमुख केलं, आणि खुर्ची परत आली ती हातवाली. आईला फोनवर सांगताना मला रडूच फुटलं. इतका आनंद जन्मात झाला नव्हता. या सगळ्या कौतुकात घरी यायला अंमळ उशीर झाला, एवढंच.

मामींना नमस्कार. ताईला आणि भावजींनाही सांगा.

तुमचाच भाचा
(उपप्रमुख)

ता. क. मामींना सांगा, घरात पाणी अजिबात शिरलेलं नाही.

ता. क. २. बाईंचा पहिला नियम मला पाठ आहे, वरची ओळ हातून निसटली. मात्र पाणी गेलेलं असताना नळ उघडा आहे की बंद, हे नुसतं बघून कळत नाही, एवढं तुम्हीही मान्य कराल.

ता. क. ३. मामींना अजून आठवडाभर तिकडेच गुंतवून ठेवा, ही खरी विनंती. त्यांची नवी गादी वाळत घातली आहे. (ती जिन्यावरून गच्चीत नेतानाच कंबर धरली.) माफीपत्र वेगळं लिहीत नाही, वरचंच वाचून दाखवा. फक्त 'बिस्किटात सापडलेल्या स्क्रूबद्दल' याच्या जागी 'पाण्यात सापडलेल्या गादीबद्दल' म्हणा. आणि गादी बघायच्या आधीच मी माफी मागितली, हे विसरू नका. लोकांना ते फार आवडलं आहे.